शाळूसाठी राखलेली सुई

शाळू पेरायचा म्हटलं की चाड्यावर मूठ मायची, हे आमच्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं. आबा पुढं तिफण हाकायचे आणि माय मागं चालायची. ज्यांनी पेरणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिफणीला तीन फण असतात, प्रत्येक फणाला एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर जिथं एकत्र येतात तिथं लाकडाची वाटी. तिला चाडं म्हणतात. पेरणारी बाई कमरेला खोचलेल्या ओटीतून बी घेते, मूठ चाड्यावर धरते आणि बैलांच्या चालीनं चालत बोटांतून दाणे सोडत जाते. जास्त सुटले तर रोपं एकमेकांच्या उरावर उगवतात. कमी सुटले तर नांग्या पडतात, म्हणजे तासात, रोपांच्या ओळीत, मोकळ्या जागा राहतात. आणि ते लपत नाही. रान हिरवं झालं की पेरणारीची चूक रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसते.

हे काम डोळ्यांचं नाही. डोळे पायाखाली लागतात, ढेकळांत. सगळी मदार अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांवर. दाणा निसटतो तो क्षण त्या बोटांना कळला पाहिजे.

मायच्या बोटांना तो कळायचा. टेंभुर्णीच्या शिवारात आमचं काळं रान वाटेला लागून होतं, आणि शाळू वीतभर झाला की जाफराबादच्या बाजारी निघालेले लोक बांधावर घटकाभर थांबायचे. मायला ते फार आवडायचं. ती तोंडानं कधी बोलली नाही, पण त्या दिवसांत तिला रानात काही ना काही काम निघायचंच. आबा तिफण हाकताना कधी मागं वळून बघत नसत. नळ्यांतून दाणे उतरायचा बारीक आवाज त्यांच्या कानाला सतत असायचा. दोघं दिवसभरात एकमेकांशी बोलायची नाहीत, आणि तरी मला वाटतं, त्या दोघांचं सगळ्यात जास्त बोलणं तेव्हाच होत असेल.

आज मी जालन्यात राहते. कन्याशाळेत शिकवते, उरलेल्या वेळात सभांची पत्रकं लिहिते. खोलीच्या खिडकीतून मालगाडीचे डबे दिसतात आणि कापसाच्या गाड्या. आश्विन लागला की मला काहीच सुचेनासं होतं. हवेत कोरडं ऊन आणि ओल्या मातीचा वास एकदम येतो, आणि मला त्या तिफणीमागून चालायचं असतं. पेरायला नाही. नुसतं त्या दोघांच्या मागून.

मायच्या अंगठ्यातच आधी मुंग्या आल्या. मग मानेपासून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून अंगठ्यात अशी कळ उतरायला लागली. ती म्हणायची, "कुणी आतून सुतळी ओढून राह्यलंय." भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. पाण्याचा हंडा वहिनी उचलायला लागली. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको. भाऊ जाफराबादला कारकून, आठवड्याला घरी यायचा.

एका गोष्टीनं तिला आराम पडायचा. उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला की कळ ओसरायची. मग ती तशीच बसायची, ओट्यावर, चुलीपुढं, रानात बांधावर, डोक्यावर हात ठेवून. आमच्याकडं बाई अशी बसते ती घरात माणूस गेल्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दचकायच्या.

"काय गं, कोण गेलं?"

"कुणी न्हाई बाई. माझाच हात गेलाय, त्याचं सुतक पाळून राह्यले."

बाया हसायच्या. वहिनीला मात्र ते अशुभ वाटायचं. "आत्याबाई, दिवेलागणीला तरी हात खाली घ्या," ती म्हणायची. माय हात खाली घ्यायची, आणि तिचे ओठ पांढरे पडायचे.

त्या मानेला दुखायचं कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. गावात सगळ्याच बायांच्या माना ओझ्यानं दबतात. सरपण, कडबा, पाणी, कापसाचं गाठोडं. पण मायच्या मानेवर आणखी एक ओझं होतं, आणि त्याचा माझ्याशी संबंध आहे. संस्थान खालसा व्हायच्या आधीच्या महिन्यांत वऱ्हाडच्या हद्दीतून पत्रकं यायची. ती आणायची कशी? बाप्यांच्या झडत्या होत. बायांच्या डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यात कुणी हात घालत नसे. माय हद्दीवरच्या रानात गवताला जायची आणि भाऱ्याच्या पोटात पत्रकांचा गठ्ठा घालून यायची. कागद किती जड असतो हे मला तिनंच सांगितलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मी अक्षर शिकले ते त्या पत्रकांवर. माझं पहिलं पुस्तक म्हणजे जुलमाविरुद्ध उठा असं सांगणारा तांबूस कागद, आणि तो मायच्या मानेवरून घरात आला होता. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायचे आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची, "एवढंच व्हय? मंग बराबर हाये."

कळ सुरू झाली तेव्हा मी मावशीकडं जालन्यात राहून नुकतीच मास्तरीण झाले होते. सुट्टीत घरी आले तर मायच्या मानेवर, पदराखाली, तीन काळे डाग. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तापल्या सळईनं दिले होते. आमच्याकडं दुखऱ्या बैलाला डागतात तसंच दुखऱ्या माणसालाही.

माझं डोकं फिरलं. मी बिनासहीचं एक पत्रक लिहिलं, डाग देणं बंद करा म्हणून, आणि शनिवारच्या बाजारात वाटलं. रात्री जेवताना माय म्हणाली, "वाटलं का?"

"वाटलं."

"म्हाताऱ्यालाबी देल्तं?"

"त्याला आधी दिलं."

"त्याला वाचाया येत न्हाई," माय म्हणाली. "माझ्याकडूनच वाचून घ्याया आल्ता. मी म्हणलं, मलाबी न्हाई येत, पण पोरीनं लिव्हलंय म्हणजे तुला शिव्याच असतील. तर म्हणतो कसा, पोरीचं अक्षर मोत्यावाणी हाये."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी चिडून ताटावरून उठले. पण मायची कळ हसण्यानं थांबत नव्हती आणि पत्रकानंही नाही, एवढं मला कळत होतं. त्या वैशाखात मी तिला मोटारीत घालून जालन्याला आणलं.

नव्या जालन्यात एका तरुण डॉक्टरांचा दवाखाना होता. ते मुंबईला शिकून आले होते. माय आत शिरली ती डोक्यावर हात ठेवूनच. डॉक्टरांनी तिला अजून बसायलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हात वर ठेवला की बरं वाटतं ना, बाई?"

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं, डॉक्टरसाब? गावात तर समद्यांला वाटतं मी कुणाला तरी रडून राह्यले."

मानेचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला दाखवला. मानेच्या मणक्यांमधून हाताकडं जाणाऱ्या शिरा बाहेर पडतात. मायच्या दोन मणक्यांमधली जागा झिजून अरुंद झाली होती, तिथं शीर दाबली जात होती, आणि दाबली गेल्यामुळं तिच्याभोवती सूज होती. दुखत होतं मानेत, कळत होतं अंगठ्यात. आता एक नवं औषध निघालंय, ते म्हणाले, सूज उतरवणारं. मुंबईहून मागवावं लागतं. सुईनं मानेत, त्या शिरेच्या जवळ द्यायचं.

"हाड मागं सरत नाही त्यानं," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "फक्त सूज उतरते. कधी महिने टिकतं, कधी नाही; परत दुखायला लागलं की लगेच या. आणि हे वारंवार देता येत नाही. वर्षात दोन-तीनदा, त्याहून जास्त नाही."

हे शेवटचं वाक्य मायनं जसं ऐकलं तसं मी ऐकलं नाही. मी ते वैद्यकशास्त्र म्हणून ऐकलं. तिनं ते पाण्याच्या पाळीसारखं ऐकलं.

सुई देताना तिनं माझा हात धरला होता, डाव्या हातानं. सुई लांब होती. ती ओरडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "म्हाताऱ्याची सळई बरी होती, डॉक्टरसाब, जल्दी निघायची." डॉक्टर हसले, पण त्यांचा हात हलला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ गेली. मावशीच्या अंगणात ती सुपात जवारी घेऊन बसली होती. एकदम तिनं मला हाक मारली. मी धावत गेले. तिनं अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत एक दाणा धरला होता आणि डोळे मिटले होते.

"टोक लागून राह्यलं," ती म्हणाली. "दाण्याचं टोक. बघ, इथं."

मी काय बघणार? पण मी तिच्या बोटाकडं बघत राहिले. दुपारी ती माझ्या वेणीला बसली. तिच्या बोटांना माझ्या केसांतला गुंता डोळ्यांआधी सापडत होता. मी उगाच म्हटलं, सोड आणि परत घाल. तिनं सोडली आणि परत घातली.

मृगाच्या पेरणीला ती बरी होती, पण आबांनी तिला तिफणीला लावलं नाही. खरिपाला वहिनीची मूठ चालून जाते, ते म्हणाले. वहिनीची मूठ वाईट नव्हती, घाईची होती. माय बांधावरून सांगत राहिली, वहिनी हो-हो करत राहिली. आषाढात कळ परत आली. हे मला कुणी कळवलं नाही.

मला कळलं ते पोळ्याला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे ऊन पाण्यानं धुतात, मग कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं शेकत शेकत चोळतात. शेवटी बैलाच्या कानाशी वाकून त्याला जेवणाचं आवतण देतात. मी गावात शिरले तेव्हा आबा गोठ्यापुढं तेच करत होते. आणि माय ओट्यावर बसली होती, उजवा हात डोक्यावर.

मी पिशवी टाकली. "कधीपासून?"

"आल्या आल्या सुरू झाली," माय आबांना म्हणाली. "पानी तरी पी."

"माय, कधीपासून दुखतंय? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दुखायला लागलं की लगेच या म्हणून सांगितलं होतं."

"त्यांनी असंबी सांगितलं, वर्षात दोन-तीनदाच. एक झाली. आता देल्ली आन् शाळूच्या टायमाला उतरली, मंग? मंग तिसरी मागू? त्यानं न्हाई म्हणलं तर? हस्त निघू दे. वाफसा आला की घेते. ताजी ताजी सुई आन् ताजी मूठ."

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला अजून महिना-सव्वा महिना होता. तिनं औषध राखून ठेवलं होतं. विहिरीला पाणी कमी असलं की आपण जसं म्हणतो, मिरचीला नको, गव्हाला ठेवू, तसं. दुखण्याचे सगळे महिने तिनं मिरचीसारखे वाळू दिले होते.

मग मी खूप बोलले. दुखणं सोसणं हा गुण नाही म्हणाले. बायकांना शतकानुशतकं सोसायला शिकवलं गेलंय, त्याचाच हा परिणाम म्हणाले. आबा बैलाचा खांदा चोळत ऐकत होते. बैलही कान हलवत होता.

माय शांतपणे म्हणाली, "तूच वाचून दाखवल्तं मागं. बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क म्हणून. का तेवढं पत्रक रद्द झालं?"

"ते वेगळं."

"मान माझी, सुई माझी, रान माझं. त्यात वेगळं काय?"

ज्या तत्त्वावर मी उभी होते त्यावरच ती बसली होती, डोक्यावर हात ठेवून, आणि मी तिला तिथून उठवू शकत नव्हते.

आबांनी दुसऱ्या बैलाचा खांदाही संपवला. वाटीत थोडं तूप-हळद उरलं होतं. ते ओट्याशी आले आणि मायच्या मानेवरचा पदर बाजूला करून पळसाच्या पानानं शेकायला लागले. मायनं गडबडीनं गल्लीकडं बघितलं.

"ओ, काय करून राह्यले? लोक बघतील."

"बघू दे."

"मंग आवतनबी द्या की मला," माय म्हणाली. "उद्या पुरणपोळी खाया या म्हणावं."

आबा खरंच तिच्या कानाशी वाकले. काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. मायचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला की तांबडा, ते सांजेच्या उजेडात कळलं नाही. ती पोरीसारखी मान खाली घालून बसली, आणि मान खाली घातल्यावर कळ येते हेही विसरली. मग कळ आली.

भाद्रपद तिनं तसाच काढला. मी दर आठवड्याला निरोप पाठवत होते, ती दर आठवड्याला एकच उत्तर पाठवत होती: अजून ओल फार हाये.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी शाळेच्या फाटकाशी माय उभी. मोटारीतून एकटी आली होती. पदराच्या टोकाला शाळूचं बी बांधलेलं. "परवा-तेरवा वाफसा येतो," ती म्हणाली. "चल."

डॉक्टरांनी या वेळी आधी तिचा हात तपासला. दोन्ही हातांनी त्यांची बोटं दाबायला सांगितली. उजव्याचा जोर कमी पडला. मग तिला डोळे मिटायला लावून ते टाचणीनं बोटं टोचत गेले. करंगळीला ती लगेच हो म्हणायची. अंगठ्याशी आली की थांबायची, अंदाज करायची.

"टाचनी राहू द्या," ती डोळे मिटूनच म्हणाली. "माझ्या पदरात जवारी हाये. ती ठेवा बोटांत. ती वळखते मी."

मी गाठ सोडून दाणे डॉक्टरांच्या तळहातावर दिले. त्यांनी एक दाणा तिच्या चिमटीत ठेवला, काढला, दोन ठेवले, काढले.

"आता किती आहेत, बाई?"

माय लक्ष देऊन बोटं चोळत होती. "दोन," ती म्हणाली.

तिच्या बोटांत काहीच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी भिंतीकडं बघितलं. मायनं डोळे उघडले, आपल्या रिकाम्या चिमटीकडं बघितलं, आणि पुन्हा दोन्ही बोटं एकमेकांवर चोळली, जणू दाणे खाली पडले असतील.

"सुई द्या," ती म्हणाली. "मंग येईल कळाया. मागल्या टायमाला आल्तं."

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांनी घाई केली नाही, हे मी विसरणार नाही. ते म्हणाले, "बाई, दुखणं आणि बधिरपणा ही एकच गोष्ट नाही. दुखणं सुजेचं असतं, ते सुईनं जाईल. पण शीर फार दिवस दाबलेली राहिली की ती आतून सुकायला लागते. मागं आपण लवकर दिलं होतं. आता ती परत पालवेल का, कधी पालवेल, मला सांगता येत नाही. सुईच्या हातात ते नाही."

"पण मी राखून ठेवल्ती," माय म्हणाली.

"काय राखून ठेवलं?"

"सुई."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला. रागावले नाहीत. त्यांनी दुसरी सुई दिली.

जालन्याहून गावाकडं जाताना मोटारीत माय खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना लोकांच्या पेरण्या चालल्या होत्या. ती प्रत्येक तिफण बघत होती. मी मनात पत्रक लिहायला लागले होते, ती माझी खोड आहे. पण मथळ्याशीच अडकले. कुणाविरुद्ध लिहायचं? डॉक्टर चांगला माणूस होता. औषध खरं होतं. आबांनी तिला कधी कामाला जुंपलं नव्हतं. गावात दवाखाना असता तर, हे लिहिता आलं असतं, आणि पुढं मी ते लिहिलंही. पण शेजारी बसलेल्या बाईच्या अंगठ्याला त्यात कुठं जागा मिळत नव्हती. तिला दवाखाना नको होता. तिला आबांच्या मागची जागा हवी होती.

दोन दिवसांत कळ पूर्ण गेली. तिनं हात डोक्यावरून खाली घेतला तो घेतलाच. वहिनी म्हणाली, "बघा, आत्याबाई, सुईनं काम केलं." पहाटे उठून मायनं स्वतः बी निवडलं, ओटी बांधली. आबांनी बैल जुंपले. वाफसा असा आला होता की माती मुठीत धरली तर गोळा व्हायची आणि सोडली तर भुगा. मी आणि वहिनी बांधावर होतो.

आबांनी बैलांना हाक दिली. माय मूठ धरून मागं निघाली. दुरून तीच चाल, तोच थोडा पुढं झुकलेला खांदा. मला वाटलं, झालं, डॉक्टर चुकले. मी देवाला मानत नाही, पण त्या तासाला मी काही तरी मानत होते. तिफण पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली, वळली आणि आमच्याकडं परत येऊ लागली. अर्ध्यात आल्यावर माय म्हणाली, "थांबा."

आबांनी कासरा ओढला.

"आवाज कसा येऊन राह्यला?" तिनं विचारलं.

आबा बैलांच्या शिंगांकडं बघत होते. "बराबर येतोय."

"बिलकुल बराबर?"

"बिलकुल."

"खोटं बोलायची सवय न्हाई तुम्हाला," माय म्हणाली. "जमत न्हाई."

बैलानं शेपूट मारलं. मायनं मूठ उघडून तळहाताकडं बघितलं. दाणे तसेच होते, बरेचसे. तिनं ते ओटीत टाकले, ओटीची गाठ सोडली आणि वहिनीला हाक मारली. वहिनी जागची हलेना. तिला रडू येत होतं. माय ओरडली, "अगं ये की जल्दी, वाफसा काय तुझ्यासाठी थांबून राह्यला का?"

वहिनी गेली. मायनं तिच्या कमरेला ओटी बांधली, आणि तिच्या मुठीवर आपला हात ठेवून थोडं अंतर चालली. मग हात काढला. तरी ती मागून चालतच राहिली, मोकळ्या हातांनी, दिवसभर. "घाई न्हाई, घाई न्हाई," एवढंच तिचं ऐकू येत होतं. वहिनीनं त्या दिवशी घाई केली नाही.

मी रजा वाढवून घेतली होती, त्यामुळं शाळू उगवला तेव्हा मी घरी होते. सगळं रान चांगलं उतरलं होतं. बांधालगतचे पहिले तास मात्र मायचे होते. कुठं झुबके, कुठं वाव-वाव, म्हणजे दोन हात पसरतील एवढी, मोकळी माती. वाटेवरून दिसत होतं. बाजारी निघालेला एक जण थांबला, बघितलं, आणि काही न बोलता गेला. ते न बोलणं मला शिवीपेक्षा लागलं.

वहिनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, नांग्या मी टोकते. सांजपर्यंत होईल."

"माझ्या तासात कुणी हात घालायचा न्हाई," माय म्हणाली.

त्या सकाळी मला जालन्याला परतायचं होतं. पिशवी घेऊन मी वाटेवर आले, तर माय रानात होती. उकिडवी बसून ती डाव्या हातानं टोकत होती. डाव्या बोटानं मातीत भोक, डाव्याच बोटांनी दाणा, डाव्याच तळव्यानं माती सारखी करायची, आणि मग बसल्या बसल्या पुढं सरकायचं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, उताणा. डावा हात नवखा होता. दाणे निसटत होते, ती ते वेचून पुन्हा घालत होती. आता टोकलेला दाणा आधीच्या रोपांच्या मागंच राहणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"माय, येते मी," मी बांधावरून म्हणाले.

तिनं वर बघितलं नाही. "थांब जरा. एवढी नांगी भरू दे."

फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला. मला वाटलं ती उठेल, हात झटकेल, नेहमीसारखी वेशीपर्यंत येईल. ती पुढच्या मोकळ्या जागेकडं सरकली. आणखी एकदा भोंगा वाजला. मी पिशवी बांधावर ठेवली आणि बसले.

मोटार गेली. त्या दिवशी दुसरी मोटार नव्हती.